सात एमएम राजूरकर

ज्या धंद्यात तोंड उघडायला मनाई असते, त्या धंद्यात किस्से फार साठतात. आमच्या कंपनीत गेटवर मोबाईल जमा, बॅग जमा, आणि राजूरकर साहेबांचा कारभार पाहता अक्कलही तिथेच जमा करून आत यावं लागायचं. आत काय बनतं ते घरी सांगायचं नाही. माझी बायको लग्नानंतर बरेच दिवस समजत होती की मी गॅसच्या शेगडीचे बर्नर बनवतो, कारण माझ्या शर्टाला पितळेचा वास यायचा. मी तो समज दूर केला नाही. सासऱ्यांना बर्नरवाला जावई आवडला होता.

आता मी ती नोकरी सोडून पंपाच्या कंपनीत आहे. पगार बरा आहे, साहेब शहाणा आहे, त्यामुळे सांगण्यासारखं काहीही घडत नाही. मित्र जमले की जुनंच काढावं लागतं. साहेबांचं नाव मी बदललंय. तरी चुकून त्यांच्या हातात हे पडलंच, तर ते स्वतःला ओळखतील आणि विचारतील, "फोटो काहून नाही छापला?"

आमचं काम होतं वाइल्डकॅट काडतूस बनवण्याचं. वाइल्डकॅट म्हणजे जे कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही असं काडतूस. चालू मापाचं पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, घ्यायचं, त्याची मान आवळायची, खांदा जरा मागे सरकवायचा, वर निराळ्या मापाची गोळी बसवायची. मग त्या काडतुसाला बसेल अशी रायफलची नळी करून घ्यायची. परदेशात हौशी माणसं घराच्या मागच्या खोलीत बसून आयुष्यभर हेच करतात. आपल्याकडे कायदा ते करू देत नाही. परवाना असलेल्या कंपन्यांनीच करायचं, आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत आमच्याकडे परवाना होता. हौस मात्र एकट्या राजूरकर साहेबांची होती.

एका डोंगराळ देशातल्या गिऱ्हाइकाला लांब पल्ल्याचं नवीन काडतूस हवं होतं. त्यांना पसंत पडलं तर आमचा विभाग चालणार, नाही तर कुलूप. म्हणजे काम खरं होतं. आमची माणसंच खोटी निघाली.

* * *

तर सगळ्यात आधी काय ठरलं असेल? माप? वजन? नाही. नाव.

साहेब परदेशातल्या एका प्रदर्शनाला जाऊन आले होते. तिथे त्यांना कळलं की वाइल्डकॅट काडतुसाला ते बनवणाऱ्याचं नाव देतात. आधी नळीचं माप, पुढे माणसाचं आडनाव. साहेबांना हे कळलं आणि त्या दिवशी आमचं वाटोळं झालं.

पहिल्या मीटिंगला ड्रॉइंगचा कागद नव्हता, पण सामोसे होते. मार्केटिंगवाल्यानं सुचवलं, 'टायगर' ठेवू. नागपूरच्या माणसाला नाव सुचवायला सांगा, तो वाघ म्हणेल नाही तर संत्रं म्हणेल. साहेब म्हणाले, "टायगर नावाचं तर मच्छर मारायचं औषधही हाये." मग खिडकीबाहेर बघत हळूच पुढे म्हणाले, "नाव काय, कोणाचंही देता येते. ज्यानं मेहनत केली त्याचं द्यावं."

मेहनत तोपर्यंत कुणीच केली नव्हती. त्यामुळे सगळ्यात सीनियर कोण, एवढंच पाहायचं राहिलं. क्वालिटीचे काळे पहिले बोलले, "सर, तुमचंच." काळे कायम पहिले असायचे. मग टेबलाभोवती सगळ्यांनी माना डोलावल्या. आमची मेटलर्जिस्ट सुषमा मेश्राम, म्हणजे पितळेचं आरोग्य पाहणारी डॉक्टरच म्हणा, ती तेवढी म्हणाली, "सर, बारशाच्या आधी लेकरू तर होऊ द्या."

तिचं कुणी ऐकलं नाही. पंधरवड्यात 'सात एमएम राजूरकर' असं सोनेरी अक्षरात छापलेले चहाचे मग आले. ड्रॉइंग त्यानंतर सुरू झालं. या प्रोजेक्टमध्ये पहिल्या फटक्यात पास झालेली वस्तू म्हणजे तो मग. त्यातून काही गळत नव्हतं.

* * *

ड्रॉइंग माझ्याकडे होतं. काडतुसाचा खांदा किती अंशात उतरावा, यावर मी महिनाभर गणितं केली आणि तीन पर्याय साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी आकडे पाहिले, बोटांवर काही मोजलं आणि म्हणाले, "सत्तावीस घे."

मी विचारलं, का. सत्तावीस माझ्या पर्यायांत नव्हतंच.

"दोन आन् सात किती?"

"नऊ."

"झालं तर मग."

साहेबांच्या गाडीच्या नंबरची बेरीज नऊ होती. फ्लॅटच्या नंबरची नऊ होती. मुलाला इंजिनिअरिंगला लागलेल्या रँकची नऊ येत नव्हती म्हणून त्याला वर्षभर घरी बसवून पुन्हा परीक्षेला बसवला होता, असं ऑफिसात बोललं जायचं. मी म्हटलं, जाऊ दे. सत्तावीसनं कुणाचं बिघडत नाही.

पण साहेब पुढे सरकले. केसची लांबी एक्कावन्न पॉइंट दोन. पाच, एक, दोन. आठ झाले, आणि आठ म्हणजे शनी. "शनी बसला ना गा याच्यावर," असं म्हणून त्यांनी लांबी पॉइंट एकनं वाढवली. तोवर परदेशातल्या टूलमेकरकडे डायची, म्हणजे साच्याची, ऑर्डर जाऊन काम सुरू झालेलं. त्यानं मेल करून अगदी नम्रपणे विचारलं, या बदलामागचं तांत्रिक कारण कळेल का?

मेलचं उत्तर अर्थात मलाच द्यायला सांगितलं. आता त्या गोऱ्या माणसाला शनी कसा समजावणार? मी लिहिलं, 'स्थानिक परिस्थितीचा प्रदीर्घ परिणाम लक्षात घेऊन.' साडेसाती साडेसात वर्षं चालते, म्हणजे प्रदीर्घ म्हणायला हरकत नव्हती.

त्याचं उलट उत्तर आलं. 'फारच रोचक. आमच्या संशोधन विभागाला या विषयावर तुमच्याकडून एक व्याख्यान हवं आहे.'

साहेब तयार झाले होते. व्हिसा वेळेत मिळाला नाही म्हणून देशाची अब्रू वाचली.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. यात वाईट काही नाही, हातातल्या हत्याराला वर्षातून एकदा नमस्कार करायला माणसाचं काय जातं? पण साहेबांच्या राज्यात नमस्कारावर भागत नसे. टूलरूममधली प्रत्येक वस्तू टेबलावर मांडायची, आणि भटजींनी प्रत्येकीला ओलं हळदकुंकू लावायचं.

त्या वर्षी टेबलावर आमचं गेजही होतं. गेज म्हणजे पोलादाचं एक जाड कडं. बनवलेलं केस त्यात टाकून पाहायचं, अलगद आत बसलं तर पास, अडलं तर बाद. डोक्यावरच्या केसाच्या शंभराव्या भागाइतका फरक ते गेज पकडायचं. भटजींना वाटलं, कडं आहे, आत देव असेल. त्यांनी कुंकवाचं बोट बाहेरून फिरवलं आणि मोठ्या भक्तिभावानं आतूनही फिरवलं.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं आणि एकही केस पास होईना. पेट्याच्या पेट्या बाद. काळ्यांनी चौकशी लावली. पितळ खराब आलंय, प्रेस हललीय, ऑपरेटर गावावरून जागरण करून आलाय, सगळी कारणं शोधून झाली. शेवटी त्यांनी प्रेसचं सेटिंगच बदललं, केसं थोडी बारीक काढली, आणि ती गेजमध्ये सुंदर बसली. काळ्यांनी साहेबांना बोलावून दाखवलं. पेढे आले.

सुषमा पेढा न घेता गेजपाशी गेली. कापसाचा बोळा काढीला गुंडाळून आतून फिरवला आणि बाहेर काढला. बोळा लाल.

काळे त्या लाल बोळ्याकडे बघत राहिले आणि अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "मॅडम, मंग आता माप कोणतं धरायचं? कुंकवाच्या आधीचं का नंतरचं?"

साहेबांचा राग निराळाच होता. सुषमानं न विचारता कुंकू पुसलं, याचा. म्हणाले, "तुमच्याकडे नसेल हे सगळं, पण आमच्यात अशुभ मानतात." मेश्रामांच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून हे सगळं नाही, ते अख्ख्या ऑफिसला माहीत होतं आणि साहेबांना सगळ्यात जास्त. सुषमा म्हणाली, "हो सर, आमच्याकडे नाही. म्हणूनच मले दिसलं." आणि बोळा डस्टबिनमध्ये टाकून जाग्यावर जाऊन बसली.

पुढच्या वर्षीपासून गेजऐवजी गेजच्या फोटोची पूजा होऊ लागली. हार घातलेला तो फोटो पाहून नवीन लागलेला एक इंजिनिअर मला बाजूला घेऊन हळूच विचारत होता, "हे कधी गेले?"

* * *

पुण्याहून एक सल्लागार आणला होता. मे महिना, आणि हा माणूस कोट घालून स्टेशनवर उतरला. गाडीत बसेपर्यंत कोट हातावर आला, वर्धा रोडला शर्टाची बटणं उघडली, आणि हिंगण्याला पोचेपर्यंत त्याच्या तोंडून शुद्ध भाषाही गळून पडली होती.

तरी एसीत बसल्यावर त्यानं स्वतःला सावरलं. पडद्यावर रंगीत नकाशे दाखवले. काडतुसाच्या आत दाब कसा चढतो, कुठे लाल, कुठे निळा. सगळं काही मर्यादेत. साहेब दर स्लाइडला "बापरे" म्हणायचे आणि मान हलवायचे.

बारूद तापली की दाब वाढतो, हे आमच्या धंद्यातलं बाराखडीचं ज्ञान. सुषमानं विचारलं, "सर, हे सगळं कोणत्या टेम्परेचरले केलं?"

"स्टँडर्ड. रूम टेम्परेचर."

"कोणाच्या रूमचं?"

तो म्हणाला, एकवीस अंश. बाहेर सेहेचाळीस होते. आमच्या फायरिंग रेंजच्या पत्र्यावर चिमणी बसत नव्हती. एकवीस अंश नागपुरात मे महिन्यात फक्त फ्रिजमध्ये असतं, तेही वरच्या कप्प्यात. सल्लागारानं घाम पुसला आणि सांगितलं की उन्हाळ्याचा अभ्यास वेगळा करावा लागेल, त्याचं वेगळं कोटेशन देतो.

काळ्यांना मात्र त्यातून आयडिया सुचली. त्याच महिन्यात दिल्लीहून कंपनीच्या बोर्डाचे एक मेंबर ट्रायल पाहायला यायचे होते. आकडे चांगले यावेत म्हणून काळ्यांनी काय करावं? पोरीच्या सहलीचा निळा आइसबॉक्स घरून आणला, खाली बर्फ, वर पिशवीत काडतुसं. थंड काडतुसं, थंड बारूद, छान आकडे. कुणाला संशय येऊ नये म्हणून वर ताकाच्या बाटल्या रचल्या.

मेंबर उन्हातून आले ते थेट आइसबॉक्सकडे गेले. नागपूरच्या मे महिन्यात माणूस दुसरीकडे जाणारच नाही, एवढं काळ्यांना इथे जन्म काढून कळू नये? मेंबरनी ताक उचललं, खाली हात घातला आणि पिशवी बाहेर काढली.

"हे काय आहे?"

काळे म्हणाले, "सर, हे सँपल आहे."

मेंबरनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "मग मी काय पितोय?"

* * *

आता वानखेड्यांबद्दल सांगतो. गजानन वानखेडे आमचा टेस्ट फायरर. नवीन काडतूस आधी खांद्यावरून कुणी झाडत नाही. रायफल लोखंडी स्टँडला बोल्टनं आवळायची, काडतूस भरायचं, काँक्रीटच्या भिंतीमागे जायचं आणि दोरी ओढायची. हे वानखेड्यांचं काम. सक्करदऱ्याला घर, दोन मुली, स्वभाव गोगलगायीसारखा. कंपनीच्या वार्षिक समारंभात साहेबांनी त्यांना स्टेजवर बोलावून "आपल्या विभागाचा शूर सैनिक" असं म्हटलं आणि माईक हातात दिला. वानखेडे म्हणाले, "शूर नाही सर. मी भिंतीमागं राह्यतो." आणि खाली उतरले.

विभागात अक्कल होती ती एवढीच, आणि वानखेडे शाबूत होते ते त्या भिंतीमुळे.

कारण पितळ बरोबर नव्हतं. काही केसांना बुडापाशी बारीक भेग पडायची. दर पेटीत नाही, पण पडायची, आणि उन्हात जास्त पडायची. तिथून गॅस मागे आला तर तो रायफलवर गाल टेकवलेल्या माणसाच्या डोळ्यात जातो. सुषमा प्रत्येक मीटिंगला हेच सांगायची. पितळ थकतंय, त्याला नीट तापवून निववायला वेळ द्या, तोपर्यंत खांद्यावरून नको. साहेब म्हणायचे, "पितळ थकते का कधी? माणसं थकतात."

काळ्यांनी तर भेगेला भेग म्हणायचंच बंद केलं. आधी तिला 'रेषा' म्हणू लागले. मग 'पृष्ठभागावरील खूण'. शेवटी शेवटी ते तिला 'फिनिशिंग' म्हणायचे. एकदा केस पुरतं चिरलेलं निघालं, आतलं आरपार दिसत होतं. काळे म्हणाले, "याचं फिनिशिंग जास्त झालं."

आम्ही हसायचो. हसण्याची ती शेवटची वेळ होती, कारण पुढच्या मीटिंगला साहेबांनी जाहीर केलं की गिऱ्हाइकाकडचे परदेशी पाहुणे ट्रायलला येतायत आणि त्यांच्यापुढे वानखेडे खांद्यावरून फायर करतील.

सुषमानं विचारलं, "काहून सर? स्टँडवरून करू ना. आकडे तेच येतात."

"स्टँडवरून फोटो चांगला येत नाही."

मी थट्टा करत नाही. हेच कारण दिलं. ब्रोशरसाठी माणूस रायफल धरून उभा पाहिजे होता. सुषमा म्हणाली, मी ओके देणार नाही. साहेब म्हणाले, ओके काळे देतील. काळ्यांनी मान आधीच हलवून ठेवली होती. मला त्या माणसाची तेव्हा इतकी किळस आली की मी चहाचा मग तसाच टेबलावर ठेवून बाहेर आलो.

बाहेर वानखेडे नळावर हात धूत होते. मी म्हटलं, "नाही म्हणून सांगा ना."

"सांगितलं ना मी. साहेब म्हणाले, शंभर टक्के सेफ हाये. मंग नाही म्हणणारा मी कोण?" त्यांनी रुमालाला हात पुसले. "घरी नाही सांगितलं. मोठीचा पेपर हाये ना." आणि रेंजकडे निघून गेले.

त्या आठवड्यात सुषमा रोज साहेबांच्या केबिनमध्ये जायची आणि रोज तशीच परत यायची. एकदा मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "म्हणाले, तुम्ही लेडीज लोक लवकर घाबरता." तिचे डोळे भरून आले होते. भीतीनं नव्हे, संतापानं.

* * *

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी साहेबांनी रेंजवरच नाश्ता ठेवला होता. तर्रीपोहे. पाहुण्यांना नागपूरची ओळख व्हावी म्हणून साहेबांनी स्वतः दोन प्लेटी खाऊन दाखवल्या, वरून कच्चा कांदा, आणि तर्री आणखी मागून घेतली. पाहुणे तिघे होते. त्यांचा म्होरक्या म्हणजे साठीचा, पांढऱ्या मिशांचा धिप्पाड माणूस, त्यानं एक घास खाल्ला, पाणी प्यायला आणि प्लेट अदबीनं खाली ठेवली.

ऊन चढलं होतं. वानखेडे रायफल घेऊन उभे होते. फोटोग्राफर जागा धरून होता. सुषमा भिंतीला पाठ लावून उभी होती, हाताची घडी घालून, आणि वानखेड्यांकडे पाहत नव्हती.

म्होरक्यानं एक काडतूस हातात घेतलं, उन्हात धरलं, बुडाशी कोरलेलं नाव वाचलं. मग साहेबांना विचारलं, "राजूरकर म्हणजे तुम्हीच?"

साहेबांची छाती पुढे आली. "येस. माय डिझाइन."

म्हातारा खूश झाला. त्यानं सांगितलं की तो स्वतः तिकडे वाइल्डकॅट बनवतो, चाळीस वर्षं हाच छंद आहे. आणि त्याच्याकडे या मंडळींत एक रीत आहे. काडतुसावर ज्याचं नाव, पहिली गोळी त्यानं स्वतःच्या खांद्यावरून झाडायची. ती झाल्याशिवाय दुसरं कुणी त्या रायफलला हात लावत नाही. बनवणाऱ्याचा तो मान असतो.

त्यानं वानखेड्यांच्या हातातून रायफल घेतली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून साहेबांपुढे केली. स्वतःच्या डोक्यावरची टोपीही काढली.

फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला.

"आज नाही जमणार," साहेब इंग्रजीत म्हणाले. "आज माझी एकादशी आहे. एकादशीला आमच्यात हत्यार धरत नाहीत."

त्यांच्या मिशीला तर्रीचा तवंग होता. काळे पोह्यांच्या रिकाम्या प्लेटी गोळा करू लागले. साहेबांच्या प्लेटी सगळ्यात आधी उचलल्या.

एकादशी म्हणजे काय ते म्हाताऱ्यानं मला विचारलं. मी सांगितलं, उपवासाचा दिवस. त्यानं पोह्यांच्या पातेल्याकडे पाहिलं, पण माणूस खानदानी होता. दुसऱ्याच्या धर्मात आपण बोलू नये, अशा बेतानं त्यानं मान लववली आणि म्हणाला, काही घाई नाही, आम्ही परवापर्यंत इथेच आहोत. उद्या सकाळी करू. उद्या चालेल ना?

साहेब आमच्याकडे वळले. त्यांना कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं. काळे प्लेटी घेऊन लांब गेले होते. मी जमिनीकडे पाहिलं.

भिंतीपाशी उभी असलेली सुषमा म्हणाली, "आमच्या घरी नसते सर एकादशी, पण शेजारच्या काकूंची असते. दुसऱ्या दिवशी द्वादशी. द्वादशीले सगळं चालते."

म्हाताऱ्यानं मला अर्थ विचारला. मी सांगितला. तो हसला आणि रायफल पुन्हा वानखेड्यांच्या हातात देत म्हणाला, छान, म्हणजे उद्या मिस्टर राजूरकर.

पाहुणे गाडीत बसले. धूळ खाली बसेपर्यंत साहेब तिथेच उभे होते. मग त्यांनी टेबलावरचं एक काडतूस उचललं, डोळ्याजवळ नेलं, बुडाशी अंगठा फिरवून पाहिला.

"वानखेडे."

"जी सर."

"उद्या स्टँड लावा."

वानखेड्यांना कळेना. ते म्हणाले, "पण सर, खांद्यावरून करायचं ठरलं होतं ना?"

साहेब असे ओरडले की पत्र्याखालची पाखरं उडाली.

"खांद्यावरून? भैताड झाला का गा तू? कोणाचा तरी जीव जाईन ना!"